मेहरुनचं दूध

शिरूरला आमच्या भिंतीला भिंत लागून मेहरुनभाभीचं घर होतं. मी तिला भाभी म्हणत असले तरी इथं नुसतं मेहरुन म्हणते, कारण ही गोष्ट घडली तेव्हा तिचं वय पोरीसारखंच होतं. तिनं ती माझ्या आईला सांगितली आणि पुढं मी मोठी झाल्यावर मलाही सांगितली, एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी एखाद्या ठिकाणी ती थांबायची. ते ठिकाण मात्र दर वेळी वेगळं असायचं.

मेहरुनला आई आठवत नव्हती. ती अंगावर पीत होती तेव्हाच आई तापानं गेली आणि बाप दुसरा संसार मांडून सोलापूरकडं निघून गेला. आईची थोरली बहीण शहजादी, जिला मेहरुन खाला म्हणायची, तिनं ही पोर उचलून आपल्या घरी भांडगावला आणली. खाला तरुणपणीच विधवा झालेली होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. तिनं मेहरुनला शेळीच्या दुधावर वाढवलं, गोवरातून काढलं, स्वतः फाटकं नेसून तिला ईदला नवं शिवलं.

खाला सुईण होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. माळी, मराठा, मुसलमान, कुणाचंही घर असो, बाई अडली की बोलावणं खालालाच. मेहरुन लहानपणी तिच्यामागं जायची आणि उंबऱ्याबाहेर बसून राहायची. आतून लेकराचं पहिलं रडणं ऐकू आलं की तिला वाटायचं, हे माझ्या खालानं केलं. सगळं गाव खालाच्या हाताला मान द्यायचं आणि मेहरुनला वाटायचं, त्यातला थोडा मान आपलाही आहे.

तिचं लग्न शिरूरच्या सुभानशी झालं. सुभान धान्यबाजारात मापाडी होता. सकाळपासून ज्वारी-बाजरीची पोती तोलायची, हेच त्याचं काम. हाताला इतकी सवय की काट्याला लावायच्या आधीच तो वजन सांगायचा आणि फरक क्वचितच निघायचा. माणूस मऊ, बोलायला कमी. घरात म्हातारा बाप बद्रुद्दीन, बाकी कुणी नाही. मेहरुनला सासुरवास असा झालाच नाही.

पहिलटकरीण म्हणून ती भांडगावला गेली ते चोपन्न-पंचावन्न साल असावं. मुलगी झाली. अंगानं भरलेली, डोक्यावर काळंभोर जावळ. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी कानात अजान दिली. खालानं मधाचं बोट चाटवलं. मेहरुनला पहिला पिवळा चीक आला तो खालानं पिळून राखेवर टाकला.

"असू दे की खाला, ती तोंड उघडतीय बग," मेहरुन म्हणाली.

"घाण असती ती. पोटात गेली की पोट बिघडतं. दूध उतरू दे, मग पाज."

तोवर खाला कापसाची वात गुळाच्या पाण्यात भिजवून लेकराच्या ओठाला लावत राहिली. पुढं दूध उतरलं आणि असं उतरलं की छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. लेकरू तोंड लावायचं, दोनदा ओढायचं आणि निसटायचं. तोंडात काही टिकतच नव्हतं. थोडी धडपड करून ते दमायचं आणि झोपी जायचं.

"पोट भरलं बग," खाला म्हणायची.

शेजारच्या बाया बघायला येत. लेकरू आपलं शांत पडलेलं. सगळ्या कौतुक करत. "किती शहाणं गं! कुणाला तरास न्हाई." मेहरुनलाही बरं वाटायचं. पण एक गोष्ट तिच्या मनात टोचायला लागली.

"खाला, ही रडत कशी न्हाई?"

"नशीबवान हायेस. लोकांची पोरं घर डोक्यावर घेत्यात."

दुपटीसुद्धा फारशी ओली होत नव्हती. एकदा जरा ओल दिसली ती विटेच्या भुकटीसारखा लालसर डाग ठेवून वाळली. मेहरुननं तो डाग खालाला दाखवला. खालानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, दुपटं दुमडलं आणि बाजूला टाकलं. "उष्णतेचं असतं," एवढंच म्हणाली. तिचं ते क्षणभर पाहणं मेहरुनच्या ध्यानात राहिलं. पण त्यावर विचार करावा असं तेव्हा तिला वाटलं नाही. खाला आहे म्हटल्यावर आपण कशाला विचार करायचा?

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुभान येऊन गेला होता. छटीला, म्हणजे सहाव्या दिवशी, तो पुन्हा आला. बाजेशेजारी बसून त्यानं लेकरू दोन्ही हातांवर घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं ते किंचित वर उचललं, पुन्हा खाली घेतलं. मेहरुनला वाटलं, मुलगी झाली म्हणून याचं तोंड असं झालं. तिला वाईट वाटलं. सुभान लेकरू ठेवून बाहेर गेला. लिंबाखाली तो आणि खाला काहीतरी बोलत होते. शब्द आत येत नव्हते. परत आल्यावर त्यानं मेहरुनकडं पाहिलं नाही. "जप," म्हणाला आणि एसटी गाठायला निघून गेला.

त्यानंतर लेकराची टाळू खोल बसली. डोळे आत गेले, अंगावर पिवळी झाक आली. मेहरुननं त्याच्या तोंडात करंगळी घातली तर आत सगळं कोरडं. खालानं उतारा टाकला, अंगारा लावला, पुन्हा गुळाचं पाणी बोटानं चाटवलं. भर दुपारी लेकरानं एक हात वर केला, मूठ उघडली, आणि मग काही केलं नाही.

पुरुष जाऊन माती देऊन आले. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया भेटायला जमल्या. दाराशी सुभान गुडघ्यात मान घालून बसला होता. एका बाईनं सहज विचारलं, "चांगलं भरल्या अंगाचं लेकरू हुतं, असं कसं झालं शहजादी?"

खाला उठली. पांढरी बशी घेऊन आली. मेहरुनच्या छातीचं दूध तिनं बशीत पिळून घेतलं, भिंतीच्या कडेनं चाललेली एक मुंगी चिमटीत धरली आणि दुधात टाकली. बाया वाकून बघायला लागल्या. मुंगी हलली नाही.

"बगा," खाला म्हणाली. "दूधच विखारी हाय हिचं. लेकरू काय वाचणार?"

मेहरुननं बाजेवरून मान उचलून पाहिलं. पांढऱ्या दुधात काळा ठिपका होता. तिनं मान खाली टाकली. मला सांगताना ती म्हणायची, "लेकरू गेलं तवा मी रडले. पण ती मुंगी बगितली आन् माझं रडणंच थांबलं. मीच मारलं म्हटल्यावर मी कशाला रडू?"

खालानं तिची छाती फडक्यानं आवळून बांधली. दूध आटवलं.

बातमी मेहरुनच्या आधी शिरूरला पोचली. कुणी तोंडावर बोललं नाही. पण गल्लीत बाळंतपण झालं की बारशाचं बोलावणं तिला नसायचं. ती समोरून आली की बाया कडेवरचं लेकरू पदराखाली घ्यायच्या. माझी आई विठाबाई आणि मेहरुन यांचं चांगलं मेतकूट होतं. घोडनदीच्या काठाला आमचा भाजीचा मळा होता, आणि आई पाटीतली पहिली जुडी मेहरुनला द्यायची. पण माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईनंही त्याला मेहरुनच्या मांडीवर दिलं नाही. मेहरुननं हात पुढं केले होते. आई म्हणाली, "आत्ताच झोपलाय." भाऊ टक्क जागा होता. मेहरुननं हात मागं घेतले आणि त्यानंतर कधी कुणाच्या लेकरापुढं केले नाहीत.

म्हाताऱ्या बद्रुद्दीननं एक-दोनदा सुभानपुढं दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली. सुभाननं ठाम नकार दिला. मेहरुनला आतून भरून आलं. आपल्या दुधानं याचं लेकरू गेलं, तरी हा माणूस आपल्याला एका शब्दानं बोलत नाही. बाजारातून येताना बांगड्या आणतो, ताप आला तर पाय चेपतो. ती त्याच्या उपकाराखाली वाकून राहिली. त्याच्या ताटात जास्त वाढायची, स्वतः कमी घ्यायची. माझी आई एकदा म्हणाली, "किती मरमर करतीस गं त्याच्यासाठी?" तर मेहरुन म्हणाली, "त्यांनी मला ठिवली, ह्येच लई हाय."

चार वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. आनंद होण्याऐवजी तिची झोप उडाली. खालाचा निरोप आला, इकडंच ये, मी सगळं बघते. मेहरुन गेली. दुसरीकडं जायचं तिच्या मनातच आलं नाही. खालानं कुठूनसं दम केलेलं, दुवा पढून फुंकलेलं पाणी आणलं होतं. ते छातीला लावलं, घोटघोट प्यायला दिलं, दंडाला तावीज बांधला. "आता इख उतरलं," म्हणाली. "आता खुशाल पाज."

मुलगा झाला. आणि सगळं पुन्हा तसंच सुरू झालं. चीक राखेवर गेला. दूध दाटलं, छाती दगड झाली. मुलगा तोंड लावायचा, निसटायचा, दमायचा, झोपायचा. पहिले एक-दोन दिवस तो रडला. मग रडायचा थांबला.

बाया आल्या. एक जण म्हणाली, "किती शांत हाय गं!"

तो शब्द ऐकला आणि मेहरुनच्या अंगावर काटा आला. तिनं मुलाला उघडं केलं. दुपटं कोरडं. पोटाचं कातडं चिमटीत धरलं, सोडलं, तरी त्याची वळकटी तशीच राहिली. तिनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. त्यानं नुसतं तोंड वाकडं केलं. आवाज निघाला नाही.

"खाला, ह्याला दवाखान्यात न्यायचं."

"ओली बाळंतीण तू. छटी झाल्याबिगर उंबरा वलांडत न्हाईत."

"मी न्हेणार."

"लेकरू शांत हाय तर तुला बघवंना व्हय? आन् गाव काय म्हणंल मला?"

मेहरुन आजवर खालाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी तिनं मुलाला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि बाहेर पडली. खाला दारात आडवी झाली. मेहरुननं तिला हातानं बाजूला सारलं. "माझ्या खालाला मी ढकललं," हे सांगताना इतक्या वर्षांनीही तिचा आवाज खाली जायचा.

सडकेला गावातले मारुतराव दौंडला जाणाऱ्या ट्रकात भाजीच्या पाट्या चढवत होते. त्यांनी बाईची ती अवस्था पाहिली, काही विचारलं नाही, ड्रायव्हरशेजारची जागा करून दिली आणि स्वतः मागं पाट्यांवर बसले. दौंडला स्टेशनाजवळ एका डॉक्टरीणबाईंचा लहानसा दवाखाना होता. मारुतरावांनी तिला तिथं दाराशी उतरवलं आणि सुभानला निरोप पोचवायचं कबूल करून ते मार्केटात गेले.

डॉक्टरीणबाई प्रौढ होत्या, बोलणं तुटक. त्यांनी मुलाला वजनकाट्यावर ठेवलं, टाळूवरून बोट फिरवलं, तोंडात बघितलं, दुपटं मागून घेतलं. त्यावर तोच विटकरी डाग होता.

"अंगावर पितो का?"

"पितो. पण माझं दूध विखारी हाय बाई. आधीचं एक गेलं त्यातच."

"कुणी सांगितलं?"

"मुंगी मेली दुधात."

बाईंनी दुपटं तिच्यापुढं धरलं. मग म्हणाल्या, "हे बघ. याच्या पोटात दूध गेलेलंच नाही. याला विष बाधलेलं नाही, हा सुकलाय. अंगातलं पाणी संपलंय. रडायलासुद्धा ताकद लागते, ती याच्यात नाही, म्हणून हा शांत आहे. कळलं?"

मेहरुनला शब्द कळले, अर्थ आत जायला वेळ लागला. बाईंनी मुलाच्या मांडीत कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी सोडलं. मग ऊन पाण्याच्या फडक्यानं मेहरुनची छाती शेकवली, हातानं दाबून दूध कसं काढायचं ते दाखवलं आणि वाटीत काढलेलं दूध चमच्यानं मुलाच्या तोंडात सोडायला घेतलं. मेहरुननं त्यांचा हात धरला.

"नको बाई! मरंल त्यो!"

"हे नाही दिलं तर मरेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चमचा त्याच्या ओठाला लावला.

मुलानं गिळलं. पुन्हा गिळलं. बाई फार सावकाश देत होत्या, मधे थांबत होत्या. सुकलेल्या मुलाला घाईनं पाजलं तर झटके येतात, असं त्यांनी सांगितलं. मेहरुन प्रत्येक घोटाला त्याच्या तोंडाकडं बघत होती, आता काळानिळा पडेल, आता पडेल. तो पडला नाही. दिवस कलता कलता त्यानं डोळे उघडले आणि रडायला सुरुवात केली. आधी मांजरीच्या पिल्लासारखा, मग मोठ्यानं. खाटेवर बसलेल्या मेहरुननं कानावर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. ते रडणं तिला ऐकवत नव्हतं आणि थांबूही नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभान पोचला. मुलगा अजून अशक्त होता, पण धोका टळला होता. मेहरुन वाटीत दूध काढत बसली होती. सुभाननं मुलाला हातांवर घेतलं, किंचित वर उचललं, आणि त्याला रडू फुटलं.

"तीबी अशीच हलकी झाली हुती," तो म्हणाला.

मेहरुनचा हात थांबला.

"काय म्हणलात?"

तो बोलून गेला होता. मेहरुननं वाटी खाली ठेवली.

"तुम्हाला ठावं हुतं?"

"छटीला घेतली तवा हाताला लागलं. दुसऱ्या दिवशी घेतली हुती त्यापेक्षा कमी भरत हुती. लेकरू वाढायचं सोडून कमी हुतंय, म्हणून मी खालाला बाहेर बोलावलं. म्हणलं, दवाखान्यात न्हेऊ."

"मग?"

"खाला म्हणल्या, त्यांनाबी दिसतंय. अशी सुकल्याली पोरं त्यांनी लई बगितलीत. जगायचं तर जगंल. पण दवाखान्यात न्हेली तर शहजादीच्या हातचं लेकरू दवाखान्यात गेलं असा बोभाटा व्हईल, मग गावात कोण बोलवील? म्हणल्या, मेहरुनला सांगू नको, तिचं दूध आटंल."

"आन् तुम्ही गेलात एसटी धरून."

सुभाननं मुलावरचं दुपटं सारखं केलं.

"आन् मुंगी?"

तो मुलाकडंच बघत राहिला. मेहरुननं पुन्हा विचारलं, आवाज न चढवता. "मी दाराशीच हुतो," तो शेवटी म्हणाला. "उचलताना खालानं ती चिमटीत दाबली. मेल्याली मुंगीच टाकली त्यांनी दुधात. मी बगितलं."

मुलगा कुरकुरला. मेहरुननं त्याला सुभानच्या हातातून काढून घेतलं.

"चार वरसं," ती म्हणाली. "चार वरसं मी तुमच्या ताटात वाढत हुते आन् मनात म्हणत हुते, हा माणूस किती मोठा. तुम्ही एका शब्दानं बोलला न्हाई मला. का बोलला न्हाई त्ये आज कळलं."

"मेहरुन, लेकरू तर गेलंच हुतं. म्हणलं, आता बोलून काय उपेग? खाला तुला आईसारखी. तुझं म्हायेर तुटंल—"

"माझ्या म्हायेरासाठी न्हाई गप बसलात. बापाला ठावं हुतं आन् बाप निघून गेला, असं लोक म्हणतील म्हणून गप बसलात. तिनं आपलं नाव राखलं, तुम्ही तुमचं. सगळं माझ्या दुधावर ढकललं. आन् मला खरंबी वाटलं."

सुभाननं नाही म्हटलं नाही. मेहरुन सांगायची की त्यानं त्या वेळी तिला खोटं तरी पाडायला हवं होतं. तो नुसता बसून राहिला, आणि त्यामुळं तिला भांडायलाही काही उरलं नाही.

दवाखान्यात ती राहिली तोवर मुलगा हळूहळू स्वतः ओढायला शिकला. बाईंनी दोन बोटांत धरून त्याच्या तोंडात कसं द्यायचं ते तिला बसून शिकवलं. तो पिताना दुसऱ्या बाजूनं पान्हा फुटून लुगडं भिजायचं. ते भिजलेलं लुगडं ती वाळत घालताना उलटसुलट करून बघत राहायची.

तिथून निघाल्यावर तिनं सुभानला सांगितलं, आधी भांडगाव. खाला अंगणात सुपानं बाजरी पाखडत होती. मेहरुनच्या हातातलं हलतं, रडतं मूल पाहून तिचा चेहरा खुलला, अगदी खरोखर खुलला. सूप टाकून ती हात पसरून पुढं आली.

"या अल्ला! वाचलं माझं लेकरू! दे इकडं."

मेहरुननं दिलं नाही.

"खाला, मुंगी का मारलीस?"

खालानं सुभानकडं पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती जोत्यावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दवाखान्यात असली पोरं वाचत्यात ह्ये मला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "अल्लाची आण. मला वाटलं, जायचंच हाय ते."

"ह्ये मी मानते. पण मुंगी का मारलीस?"

"बाया इचारत हुत्या. तुझ्या समोरच इचारलं की. काय सांगू? माझ्याच घरात, माझ्याच हातावर लेकरू गेलं. पुन्हा कोण मला उंबऱ्याच्या आत घेईल?"

"म्हणून माझ्यावर?"

खाला वर बघून म्हणाली, आणि मेहरुनच्या सांगण्याप्रमाणे अगदी मायेनं म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या लेकीवर कसं टाकू? ती गावभर बोंबलली असती. तू माझी. म्हणलं, माझी मेहरुन सोसंल."

मेहरुनला वाटत होतं की आपण आरडाओरडा करू, शिव्या देऊ. तसलं काही तिच्या तोंडून निघालं नाही. ती आत गेली, आपलं गाठोडं उचललं, दंडाचा तावीज सोडून जोत्यावर ठेवला आणि सडकेला चालू लागली. मागून खाला हाका मारत होती, आधी "मेहरुन" म्हणून, मग लहानपणच्या लाडक्या नावानं. ते नाव मेहरुननं मला कधी सांगितलं नाही.

शिरूरला आल्यावर तिनं सुभानकडं एकच गोष्ट मागितली. जे मला सांगितलंत ते अब्बांसमोर आणि गल्लीसमोर सांगा. सुभाननं सांगितलं. आमच्या ओट्यावर उभं राहून, मान खाली घालून, लेकरू हलकं लागलं तिथपासून मुंगीपर्यंत सगळं. म्हातारा बद्रुद्दीन उठून आत निघून गेला आणि कितीतरी दिवस लेकाशी बोलला नाही. माझी आई माझ्या भावाला घेऊन आली आणि तिनं त्याला मेहरुनच्या मांडीवर ठेवलं. तो एव्हाना चालता झालेला होता, पटकन उतरून पळाला. दोघी त्याच्यावर हसल्या, मग रडल्या. सगळ्यांना सुभानचं बोलणं पटलं असंही नाही. काही बाया शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की दम केलेल्या पाण्यानंच इख उतरलं.

मुलाचं नाव अयुब ठेवलं. सुभानबरोबर तिचा संसार चालू राहिला. त्याच्या ताटात ती आता इतरांइतकंच वाढायची. त्याला ताप आला तर काढा द्यायची. पण मनातलं काही त्याला सांगायची नाही. दुखलं-खुपलं तर माझ्या आईकडं यायची. सुभान हे सगळं मुकाट सोसायचा. बाजारातून आल्यावर अयुबला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत फिरवायचा, आणि वाट बघायचा की मेहरुन कधीतरी पहिल्यासारखी बोलेल.

गल्लीत कुणाचं लेकरू फार शांत आहे असं कानावर आलं की मेहरुन हातातलं काम टाकून जायची. न बोलावता. दुपटं बघायची, टाळू बघायची, आणि भीती वाटली तर "डाक्टरकडं न्या, आत्ताच्या आत्ता" म्हणून दारात बसून राहायची. काहींनी ऐकलं, काहींनी हाकललं.

भांडगावात खालाचं बोलावणं हळूहळू कमी झालं. ट्रकातून जाणारी बाळंतीण गावानं पाहिली होती. पुढं खालाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि ती घरातल्या घरात चाचपडायला लागली. सहासष्ट साली मारुतराव शिरूरच्या बाजाराला आले, तेव्हा ते मेहरुनला भेटून म्हणाले, "शहजादी दोन-दोन दिस उपाशी असती. तुला सांगू नका म्हणती."

मेहरुननं त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाऊन ती खालाला घेऊन आली.

पडवीत तिला खाट दिली. मेहरुन तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, भाकर दुधात कुस्करून भरवायची. पण तिला खाला म्हणून हाक मारायची नाही. "जेवा," "उठा," एवढंच. जिला जन्मभर अगं-तुगं केलं तिला अहो-जाहो करायची. खालाला ते समजायचं. ती फक्त एक मागणं मागायची.

"अयुब कुठाय? जरा हात लावू दे मला त्याला."

अयुब तिथंच पाटीवर अक्षरं गिरवत बसलेला असायचा. मेहरुन त्याला खुणेनं गप्प राहायला सांगायची आणि म्हणायची, "साळंत गेलाय."

माझ्या आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "आंधळी हाय गं. चार दिसांची सोबती. लावू दे की हात."

"न्हाऊ घालीन, खाऊ घालीन, घाण काढीन," मेहरुन म्हणाली. "माझं लेकरू त्या हातात न्हाई देणार, विठाबाई. त्ये मला जमत न्हाई."

त्याच हिवाळ्यात खाला गेली. सुभान आणि गल्लीतले चार लोक माती देऊन आले. तोवर मेहरुन कोरडीच होती. खाटेवरची वाकळ धुवायला म्हणून तिनं उचलली, आणि तिथंच भिंतीला टेकून अशी रडली की आमच्या घरात आईनं हातातली भाकरी परातीत टाकली आणि धावली. मीही मागं गेले. सुभान तिच्या शेजारी उभा होता, काय करावं हे न कळून.

"अगं, एवढं केलंस तिचं. आता कशाला?" आई म्हणाली.

मेहरुन हुंदके देत म्हणाली, "मला दुसरी आई कुठं हुती?"

मग ती उठली, वाकळ काखेत मारली आणि नदीवर धुवायला घेऊन गेली. सुभान तिच्यामागं दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.